फट

नकाशे काढणाऱ्या त्या बाईचा नवरा कामानिमित्त परगावी असायचा. तिचा कम्प्युटर अडला की तिथूनच दुरुस्त करता यावा म्हणून त्याने त्यावर एक सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. "अपडेटच्या भानगडीत मात्र पडू नकोस," असंही बजावलं होतं. तिने कधी त्याचा शब्द मोडला नव्हता.

एका दुपारी तिने कम्प्युटरवर दुसऱ्या शहरातल्या नोकरीसाठी अर्ज लिहिला. पाठवला नाही, कुणाजवळ अवाक्षरही काढलं नाही. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आपल्याला काय कमी आहे गं? ते नोकरीचं खूळ डोक्यातून काढून टाक."

तो अर्ज तिच्या कम्प्युटरबाहेर कुठेच नव्हता. सकाळी तिने त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटची सूचना पहिल्यांदाच नीट वाचली. 'जुन्या आवृत्तीत एक फट आहे. तिच्यातून कुणीही तुमच्या नकळत आत शिरू शकतं. अपडेट केल्यास प्रत्येकाला तुमची परवानगी घ्यावी लागेल.' तिने बटण दाबलं.

दुपारी फोन खणखणला.

"काय करून ठेवलंस? मला तुझ्या कम्प्युटरमध्ये शिरता येत नाहीये."

"फट बुजवली."

"मग मी आत कसं यायचं?"

"चारचौघांसारखं. विचारून."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग पडद्यावर त्याच्या नावाची चौकट उघडली : 'आत येऊ द्यायचं का?'

तिने 'नाही' दाबलं, आणि अर्ज पाठवून दिला.