आतली कडी

'त्रास देऊ नका' ही पाटी कालपासून दाराच्या मुठीला तशीच लटकत होती. आमच्या हॉटेलचा नियम असा, की दुसऱ्या दिवशीही पाटी हलली नाही तर खोली उघडून पाहायची. त्यात खोलीत उतरलेल्या शेवाळेबाईंच्या आधार कार्डावरचा पत्ता याच गावातला, मागच्याच गल्लीतला. गावातल्या माणसाला आम्ही खोली देत नाही. मॅनेजरनं वय बघून दिली आणि आता तोच घाबरला होता.

खोल्यांची साफसफाई माझ्याकडे असते, म्हणून मलाच पाठवलं. सिक्युरिटीच्या घोरपडेंना घेऊन मी दार ठोठावलं. बाईंनी उघडलं. डोळे झोपेनं जड, केस सुटलेले.

"माफ करा, खोली तपासावी लागेल."

"बघा की."

घोरपडेंनी बाथरूम पाहिलं, कपाट पाहिलं, पलंगाखाली वाकले. कुठेच काही नव्हतं. खरं तर तिथंच निघायचं, पण मला राहवलं नाही.

"मावशी, घर इतकं जवळ असताना इथं कशा? भांडण झालंय का?"

"भांडण कशाचं? सगळी चांगली आहेत." त्यांनी पदर सारखा केला. "थोरल्याचं लग्न झाल्यापासून मी बाहेरच्या खोलीत झोपते. येणारा-जाणारा तिथूनच जातो. एकदा दार लावून झोपावं म्हटलं."

आम्ही बाहेर आलो.

मागं दार बंद झालं. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मग ती काढल्याचा. आणि मग पुन्हा, सावकाश, लावल्याचा.