आठ दिवसांची रजा

“आठ दिवसांत चालतं केलं हो तिने त्यांना,” दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारातूनच म्हणाल्या. “तुम्हाला तीन वर्षांत जमलं नव्हतं ते.”

सून जिन्यातच थांबली. बेटावरच्या उन्हाने तिचं नाक सोललं होतं आणि चपलांमधून अजून वाळू गळत होती. नवरा मागून बॅगा घेऊन धापा टाकत येत होता. त्याची वाट न बघता तिने उरलेला मजला चढला आणि बेल वाजवली.

दार उघडायला जरा वेळ लागला. उघडलं ते सासऱ्यांनी.

तीन वर्षांपूर्वी आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. तेव्हापासून पलंग, चाकांची खुर्ची आणि पुन्हा पलंग. बोलणंही तुटक झालं होतं. आणि आज ते डाव्या हातात काठी धरून, खांदा चौकटीला टेकवून उभे होते. शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

“या,” ते म्हणाले.

ती तिथेच उंबऱ्यापाशी बसली आणि रडली. मग हसली.

आबांना सांभाळायला नणंद राहायला आली होती. ती नाटकांच्या प्रयोगांना दिवे लावण्याचं काम करायची. आज या गावी, उद्या त्या. घरात तिला सगळे वादळ म्हणत. निघताना सुनेने तिला चार पानं सूचना लिहून दिल्या होत्या. ती पानं फ्रिजवर होती तशीच होती. स्वयंपाकघरात कालची भांडी पडली होती.

“तिसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले आणि बेल वाजली,” वादळ सांगू लागलं. “मी आतून ओरडले, आबा, बघा ना जरा कोण आहे. त्यांना उठता येत नाही हे मी साफ विसरले गं. बाहेर येऊन बघते तर हे टेबलाला धरून उभे.”

“आणि फोनवर रोज नुसतं ‘सगळं ठीक’?”

“खरं सांगितलं असतं तर तू पुढच्या बोटीने परत आली असतीस.”

ते खरंच होतं.

त्या रात्री सून आनंदाने झोपली. पण सकाळपासून लोक बोलू लागले. खालच्या वाण्याने नणंदेचं कौतुक केलं. मावशींनी फोनवर अर्धा तास केलं. “तू फार हातात देतेस सगळं, मी म्हणतच होते,” असंही ऐकवलं. सून दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तिथे मालक हसत म्हणाले, “रजा तुम्ही घेतली आणि बरे सासरे झाले. दर महिन्याला जात चला.” सगळे हसले. तीही हसली. मग समोरच्या साच्यात मेण जास्त ओतलं गेलं आणि तो साचा तिला पुन्हा करावा लागला.

तिला बेट आठवलं. तिथे ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा आठ वाजेपर्यंत झोपली होती. अनवाणी फिरली होती. कुणी काही विचारत नव्हतं आणि कुणाचं काही मत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने नवऱ्याला फोन केला. “अहो, माझ्यामुळेच बसून राहिले का हो ते?”

“असं कोण म्हणतं?” तो म्हणाला. आणि पुढे जोडलं, “तू त्यांना पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यायचीस, एवढं मात्र खरं.”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नणंद बॅग भरत होती. रात्रीच्या गाडीने तिला पुढच्या प्रयोगाला जायचं होतं. आबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. सुनेने पर्स खाली ठेवली, पदर नीट केला आणि दिवसभर मनात घोळवलेलं बोलून टाकलं.

“तुझे उपकार आहेत गं. मला नाही जमलं ते तू केलंस. मी त्यांना उगाच बांधून ठेवलं.”

नणंदेने हातातला टॉवेल बाजूला टाकला. “हे कोणी घातलं तुझ्या डोक्यात?”

“सगळेच म्हणतायत.”

“बस इथे.” नणंदेने तिला पलंगावर बसवलं. “ते उभे राहिले त्याच दिवशी मी फिजिओथेरपिस्टना बोलावलं. त्यांनी आबांचे पाय वाकवून बघितले, घोटे फिरवून बघितले. म्हणाले, तीन वर्षं बसलेल्या माणसाचे पाय लाकडासारखे होतात. यांचे झालेले नाहीत. कुणीतरी रोज, एकही दिवस न चुकता, यांचा एकेक सांधा हलवत आलंय. नाहीतर मनात कितीही आलं असतं तरी हे उठू शकले नसते.”

“कामावर जायच्या आधी वीस मिनिटं,” सून पुटपुटली. “दवाखान्यातून आणताना नर्सने दाखवलं होतं. तेवढंच तर करायचे.”

“तेवढंच,” नणंद म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. “त्यांनी आबांना विचारलं, रोज कोण करतं हे? आबांना बोलायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. आम्ही दोघं थांबून राहिलो. शेवटी ते म्हणाले, ‘माझी मुलगी.’ फिजिओथेरपिस्ट वळून माझ्याकडे बघून हसले. पण वहिनी, मी तर या तीन वर्षांत आबांच्या पायांना हातही लावला नव्हता.”