डॉ. लिन घरी आल्या

“काका, ये तो झूठ है.”

साक्षी पुढच्या सतरंजीवर बसली होती. भिलाईच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात हिंदी बोलायला बंदी, म्हणून शिकवणाऱ्या प्रांजलीताईंनी तिच्यावर डोळे वटारले. साक्षीने तेच वाक्य निमूट मराठीत आणलं. “काका, तुमी खोटं सांगून राहिले.”

श्यामरावांचा खडू हातातच राहिला. फळ्यावर त्यांनी अलीकडे चीन, पलीकडे अमेरिका आणि मध्ये एक जहाज काढलं होतं. बत्तीस वर्षं भिलाईच्या रेल मिलमध्ये रुळांची तपासणी केलेला हा माणूस. केसाएवढी चीर दिसली तरी तो रूळ बाजूला काढल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. अशा माणसाला दहा वर्षांची पोरगी भर वर्गात खोटं पाडत होती, आणि पोरीचं बरोबर होतं.

गोष्ट डॉ. लिन यांची होती. नदीकाठच्या एका चिनी गावातल्या घड्याळजीची ही मुलगी. बापाच्या दुकानात काटे जुळवता जुळवता तिला वेळ मोजायचं वेड लागलं. तेविसाव्या वर्षी ती जहाजाने अमेरिकेला गेली, जाताना “दोन वर्षांत येते” म्हणाली. तिकडे तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत विरून जाणाऱ्या कणांचं आयुष्य मोजून दाखवलं आणि जगातलं मोठं बक्षीस मिळवलं. इथवर सगळं ठीक होतं. पुढे श्यामराव म्हणाले की बक्षीस घेऊन लिन घरी आल्या. फाटक वाजलं तसा म्हातारा बाप उठला आणि म्हणाला, हातपाय धुऊन घे, गोळाभात केला आहे.

“चीन में गोळाभात?” मोहित फिदीफिदी हसला आणि त्याच्यामागे सगळा वर्ग हसला. साक्षी मात्र हसली नव्हती. डॉ. लिनचा फोटो बघायला तिने प्रांजलीताईंचा मोबाइल मागून घेतला होता. तिने तिथलंच वाचून दाखवलं. लिन परत गेल्या त्या तेहतीस वर्षांनी. बाप जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि दुकानात दुसराच कोणी कपडे शिवत बसला होता.

वर्ग सुटला. पोरं पळाली. प्रांजलीताई सतरंज्या गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, “काका, तुमी कावून असं सांगता? घरी जाऊन पोरं बोलतील, मंग आईबाप मले विचारतील. पुढच्या रविवारी तुमीच दुरुस्त करून टाका. नाही तर मंडळवाले हा गोष्टींचा तासच बंद करतील.”

श्यामरावांच्या पद्मनाभपूरच्या घरात सोमवार ते शनिवार बोलायला कोणी नव्हतं. दूधवालासुद्धा पिशवी फाटकाला अडकवून निघून जायचा. बायको, विजयाबाई, जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगी अनुजा अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगशाळेत. आई गेली तेव्हा ती थेट तेराव्याच्या दिवशी पोहोचली आणि दोन दिवस राहून परत गेली, कारण प्रयोग अर्ध्यावर होता. तेव्हापासून दर दिवाळीला फोनवर “पुढच्या वर्षी नक्की, बाबा”. आठवड्याचा हा एक तास तेवढा माणसांतला होता. वीस पोरं काका काका करत अंगाशी यायची. तो तास जाऊ नये असं त्यांना फार वाटत होतं.

“आणि खरी गोष्ट काय वाईट आहे?” प्रांजलीताई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “बाप गेल्याचं पत्र आलं. तिनं ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आन आधी हातातलं काम पुरं केलं. पोरांना हेच सांगाव न. तुमची अनुजा तशीच तर आहे.”

श्यामराव फळा पुसत होते. आधी अमेरिका पुसली, मग जहाज. चीनपाशी हात थोडा थांबला, मग तोही पुसला. फडकं त्यांनी झटकून खिळ्याला अडकवलं.

“तास बंद करा म्हणा,” ते म्हणाले. “मी दुसरं सांगणार नाही.”

“अहो पण काका, एवढ्याशा गोष्टीसाठी?”

त्यांनी स्कूटरची किल्ली शोधली. दोन्ही खिसे चाचपले. ती टेबलावरच होती.

“अनुजा या साक्षीएवढी होती न, तवा तिले मी खरी गोष्ट सांगितली होती.”