टाकीतला होकार

“अहो.”

“हो,” खालून उत्तर आलं.

तिनं दोराची पकड थोडी सैल केली. दोराचं दुसरं टोक नवऱ्याच्या कमरेला बांधलेलं होतं आणि नवरा अंगणाखालच्या टाकीत उतरून पाच मिनिटं झाली होती. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून आणि वाळू-खडीच्या गाळणीतून या टाकीत यायचं. ते घराला आठ महिने पुरायचं. आज टाकी रिकामी होती आणि तळाला घोटाभर गाळ होता. आभाळ सकाळपासून भरून आलं होतं. पावसाआधी गाळ निघाला नाही, तर नवं पाणी त्या गाळावरच साठणार होतं.

दरवर्षी हे काम टाक्या साफ करणारा मिस्त्री करायचा. यंदा तो पाय मोडून घरी बसला होता. त्यानं फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं. झाकण निदान दिवसभर उघडं ठेवा. पाला कुजला की आतली हवा मरते. तिचा वास येईलच असं नाही. आणि अशा हवेत माणूस ओरडत नाही, नुसता खाली बसतो. म्हणून वर एकजण हवाच, आणि त्यानं तिथून न हलता हाका मारत राहायचं.

“एका हाकेला उत्तर आलं नाही, की दुसरी मारायची नाही,” मिस्त्री म्हणाला होता. “दोर ओढायचा आणि शेजारपाजारच्यांना बोलवायचं.”

झाकण त्यांनी तासभरच उघडं ठेवलं होतं. ढग थांबायला तयार नव्हते. बाकी सगळं मात्र ती सांगितल्याबरहुकूम करत होती. भिंतीवरचं घड्याळ दिसेल अशा बेतानं ती कडेला बसली होती आणि दर मिनिटाला हाक देत होती.

पहिल्या सहा बादल्या भराभर वर आल्या. त्यानं खराटा मागितला, तिनं सोडला. बादली वेडीवाकडी ओढते म्हणून त्यानं तिला टोमणा मारला. मग खराट्याचा आवाज सुरू झाला. टाकीत तो दुप्पट मोठा वाटत होता.

सातवी बादली आली नाही.

“अहो.”

“हो.”

“कोपरे घासताय का हो?”

“हो.”

नवरा मुळात मितभाषी. लग्नाला विचारलं तेव्हा हा ‘हो’ एवढंच बोलला आणि पुढे काही बोलायची त्याला गरजच पडली नाही, असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. वीस वर्षांत तिलाही त्याची सवय झाली होती. दोन शब्दांच्या उत्तराला ती गप्पा म्हणायची.

तरी आज काहीतरी निराळं होतं. आवाज जाड झाला होता, ओला झाल्यासारखा. आणि तो फार लवकर येत होता. एरवी तिच्या प्रश्नाला उत्तर यायचं ते वर्तमानपत्राचं पान उलटून झाल्यावर. इथे हाक तोंडातून निघते न निघते, तोच उत्तर हजर. जणू तो तोंड वर करून तिच्या हाकेचीच वाट बघत उभा होता. तिनं वाकून पाहिलं. खाली काळोख होता. शिडीच्या चार पायऱ्या दिसत होत्या, पाचवी दिसत नव्हती.

“दमलात का हो?”

“हो.”

“मग बसा जरा हो,” तिनं सांगितलं. त्यालाही होकार आला.

खराटा केव्हा थांबला, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. आता ते आलं. बसला असेल तर खराटा थांबणारच, असं तिनं स्वतःला समजावलं. दोर तिच्या हातात होता आणि तो हलत नव्हता. पण दोर हलला नाही तर काय करायचं, ते मिस्त्रीनं सांगितलं नव्हतं. उत्तर आलं नाही तर काय करायचं, तेवढंच सांगितलं होतं. आणि उत्तर येत होतं. एकदाही चुकलं नव्हतं.

“चहा ठेवायला सांगू का हो?”

“हो.”

तिनं जागेवरूनच स्वयंपाकघराकडे पाहून सासूबाईंना चहा ठेवायला सांगितलं. चहा होईपर्यंत तिनं आणखी सहा हाका मारल्या. सहाही वेळा खालून होकार आला.

सासूबाई कप घेऊन, गुडघे सांभाळत अंगणात आल्या. किती वेळ झाला, म्हणून त्यांनी विचारलं. ते दमलेत, जरा बसलेत, असं सुनेनं सांगितलं. सांगताना तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटला. ती पुन्हा टाकीवर वाकली.

“चहा आलाय. वर येताय ना हो?”

“हो.”

दोघी थांबल्या. शिडी वाजली नाही. कपावर साय धरली.

“याच्या ‘हो’वर जाऊ नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “लहानपणापासूनचं आहे. हो म्हणतो आणि जागचा हलत नाही. सरक तू, मी बोलावते.”

त्यांनी कप खाली ठेवला, टाकीच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि काळोखात वाकून हाक मारली.

“चल, वर ये रे, बाळा.”

आणि खालून, त्याच जाड आवाजात, तितक्याच मायेनं उत्तर आलं, “बाळा.”