काळ्या कागदातली बाटली

"आज कुठली कळ? डावीकडची, उजवीकडची, की भूमितीची?" सरांनी कप खाली ठेवत विचारलं.

मुलगी पोटाशी उशी धरून कोचावर आडवी होती. तिने कूस बदलली. बापच आपल्या शाळेत गणिताचा मास्तर असला की उत्तरं वाया घालवायची नसतात.

"अहो, पोरगी सकाळपासून तळमळतेय," आई म्हणाली.

"परीक्षा आली की तळमळतेच."

कॉप्या पकडण्यात सरांचा हात धरणारा कोणी नव्हता. बूट, बाही, कंपासपेटी, काही सुटायचं नाही. सहामाहीला तर त्यांनी चुकीच्या उत्तरांची चिठ्ठी स्वतःच मुतारीत पेरून ठेवली, आणि अर्धा वर्ग तीच उत्तरं लिहून अलगद सापडला. तेव्हापासून सरांची मान जी ताठ झाली ती झालीच. अख्खं जग त्यांना कॉपीबहाद्दर दिसायचं, पोटच्या पोरीसकट.

"दोन सोनोग्राफ्या झाल्या, दुर्बीण घालून झाली. पोट आरशासारखं स्वच्छ! मलाही तिच्या वयात दुखायचं. अपेंडिक्स काढलं, तरी दुखायचं. अजून दुखतं. मी कधी बोंब मारली?"

"तुम्ही कशाला माराल? तुम्ही नुसत्या गरम पाण्याच्या पिशव्या फोडता," आई म्हणाली.

"बाबा, लघवी लाल होते माझी. खरंच."

"शाई कुठल्या कंपनीची वापरतेस?"

नव्या डॉक्टरीणबाईंना एका दुर्मिळ आजाराचा संशय होता. त्यांनी लघवी मागवली होती. बाटली काळ्या कागदात गुंडाळायची, उजेड लागू द्यायचा नाही. सरांना ते ऐकूनच हसू फुटलं.

"बरं, ही शेवटची तपासणी," ते म्हणाले. "रिपोर्ट स्वच्छ आला की नाटकावर पडदा. दवाखाना बंद, गोळ्या बंद, सगळे पेपर द्यायचे. आणि पोट हा शब्द या घरात पुन्हा नको."

मुलीने उशी आणखी घट्ट धरली. "आणि स्वच्छ नाही आला तर?"

"तर अख्ख्या शाळेसमोर तुझी माफी मागेन. प्रार्थनेच्या वेळी, माइकवरून."

दुसऱ्या दिवशी मुलीने बाटली भरून, काळा कागद गुंडाळून बाथरूमच्या फळीवर ठेवली. आई उचलायला गेली तर सर आडवे आले.

"हात लावायचा नाही. मी पोचवतो. मायलेकींचा काय भरवसा!"

मग ते दाढी करायला आत गेले. बऱ्याच वेळाने बाटली घेऊन, शीळ घालत बाहेर आले.

"दाढी राहिली की," आई म्हणाली.

"राहू दे. आज मोठा चोर पकडायचाय."

रिपोर्टच्या दिवशी तिघंही डॉक्टरीणबाईंसमोर बसली. खिडकीत उन्हात एक काचेची नळी ठेवलेली होती. आतला लघवीचा नमुना काळपट लाल झाला होता.

"पोर्फिरिया," बाई म्हणाल्या. "रक्ताचा रंग बनण्यात बिघाड होतो, म्हणून लघवी उजेडात अशी लाल होते. पोट कितीही तपासा, त्यात काही दिसत नाही. म्हणून सगळे पेशंटलाच खोटं ठरवतात. पण यावर उपचार आहेत. पोरगी खरं बोलत होती, सर."

आईने तोंडावर हात ठेवला. मुलगी खुर्चीत ताठ झाली, तोंडभर हसली. "बाबा, सोमवारी माइकची वायर मी जोडते हं."

सरांचं तोंड मात्र पांढरंफटक पडलं होतं. "चूक झालीय. पुन्हा तपासा."

"दोनदा तपासलं. हा आजार बहुतेक वेळा आईकडून नाहीतर वडिलांकडून येतो. आता तुम्हा दोघांची लघवी तपासायला हवी. आधी कोण देतंय?"

सरांचा हात शर्टावरून जुन्या टाक्यांपाशी गेला आणि तिथेच थांबला.

"माझी नको," ते म्हणाले.

"का हो?"

"झालीय तपासून." त्यांची मान पहिल्यांदाच खाली होती. "त्या बाटलीत माझीच होती."