तेविसाव्या वर्षाची सही

“सही नाही करणार,” पडद्यावरची हेमलता म्हणाली. ती तेवीस वर्षांची होती. समोर बसलेल्या हेमलताबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांची कंबर धरली होती.

जुनं लेखन डिजिटल करायचं, तर ते ज्या वयात लिहिलं त्या वयाच्या स्वतःची संमती लागे. यंत्र वहीतल्या अक्षरावरून त्या वयाचे तुम्ही पडद्यावर उभे करून देई. पुढचं तुमचं नशीब.

“अगं, पहिल्या कथांची ही एकच वही आहे. वाळवी लागलीय तिला.”

“काकू, आधी तुम्ही पुढे काय दिवे लावलेत ते बघू द्या.”

हेमलताबाईंनी आपल्या एकोणचाळीस कादंबऱ्या यंत्राला दिल्या. चहा उकळेपर्यंत त्या वाचून झाल्या. प्रत्येकीवर शेरा होता, ‘साभार परत’. संमतीच्या अर्जावर लिहिलं होतं, ‘माझी वही या पुस्तकांच्या शेजारी नको. त्यापेक्षा वाळवी बरी.’

बाईंनी ते दोनदा वाचलं.

“कार्टी लिहिते मात्र झकास,” त्या म्हणाल्या.

हाताने उतरवून काढायला कुणाची संमती लागत नव्हती. त्यांनी कोरी वही उघडली आणि दुखऱ्या मनगटाने, एक शब्दही न बदलता, पहिली कथा लिहायला घेतली.