शर्वाणीचा तान्हा हात

"डॉक्टर, माझ्या हाताचं बारसं करायचं का?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शर्वाणीने विचारून टाकलं.

डॉक्टर खळखळून हसल्या. आई मात्र गंभीरच. अपघातात गेलेल्या डाव्या पंजाच्या जागी शर्वाणीच्याच पेशींतून नवा पंजा उगवला होता, पण तान्ह्या बाळाचा असावा तसा, गुलाबी आणि लुसलुशीत. मोठा व्हायलाही तो बाळाइतकीच वर्षं घेणार होता. आईने त्याला काळ्या मण्यांची मनगटी बांधली होती. आत्या रोज तेल चोळताना त्याच्याशी बोबडं बोलायची. नववीतली शर्वाणी या लाडांना पार विटली होती.

"याला कामाला लावा," डॉक्टर म्हणाल्या. "नुसता जपलात तर वाढेल, पण लुळाच राहील."

"अहो, पण केवढासा आहे तो!" आई कळवळली. बाबांनी घाईघाईने त्यावर लोकरीचा मोजा चढवला.

शर्वाणीने तो दातांनी ओढून काढला.

"आई, बाबा, ऐका. उद्यापासून मी खो-खोच्या सरावाला जाणार. हा खरचटेल, मातीत माखेल, मी भोकाडही पसरेन. तरी मला न्यायला यायचं नाही."